पेटींतील गिन्नी आणि लंडनचा हातोडा

गेल्या महिन्याच्या टपालांत नाशिककडील एका वाचक भगिनींचें पत्र आलें. पत्राबरोबर पातळ कागदावर शिसपेन घांसून उठविलेले दोन नाण्यांचे ठसे होते. त्यांच्या सासूबाईंनीं अखेरच्या दुखण्यांत त्यांच्या हातीं दिलेल्या या दोन गिन्न्या. एकीवर राणीचा मुखवटा, दुसरीवर राजाचा. राणीची गिन्नी अधिक जुनी म्हणून घरांत ती अधिक मोलाची समजली जाते, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं पाटावर मधला मान तिचा. बाईंना दोन कन्या आहेत. थोरलीस राणीची द्यावी, धाकटीस राजाची द्यावी, आणि राणीची जितकी अधिक किंमतीची ठरेल तितकी रक्कम धाकटीच्या नांवें ठेवावी, म्हणजे पुढें बहिणीबहिणींत किल्मिष राहणार नाहीं, असा त्यांचा विचार. त्यांच्या जाऊबाईंचे चिरंजीव लंडनला नोकरीस असतात व लौकरच इकडे येणार आहेत. तेव्हां तिकडील मोठ्या लिलावांत या नाण्यांस काय येईल, आणि नाणीं चिंचेनें लखलखीत उजळून पुतण्याबरोबर धाडावीं काय, असें त्यांनीं विचारलें होतें.

चिंचेस हात लावूं नये, एवढें उत्तर आम्हीं उलट टपालीं धाडलें. बाकीचें उत्तर एका पत्रांत मावणारें नव्हतें. शिवाय अशा एकदोन गिन्न्या आपल्या पुष्कळ घरांच्या पेटींत तळाशीं असतात, आणि त्यांच्याविषयींच्या समजुतीहि बहुतेक याच जातीच्या असतात. म्हणून या महिन्याचें सदर त्यांच्याकडे.

प्रथम शब्दाचा घोळ. आपण जिला गिन्नी म्हणतों ती बहुधा गिनी नसतेच. गिनी हें इंग्लंडांतील सोन्याचें नाणें १६६३ सालीं सुरू झालें. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून येणाऱ्या सोन्यावरून त्यास तें नांव पडलें. त्याचा भाव वरखालीं होत असे, तो १७१७ सालीं २१ शिलिंग असा कायम झाला. त्या वेळीं टांकसाळीचे मुख्य अधिकारी दुसरेतिसरे कोणी नसून गुरुत्वाकर्षणाचे शोधक सर आयझॅक न्यूटन हे होते. पुढें नेपोलियनशीं चाललेलें युद्ध संपतांना गिनीहि संपली. १८१६ सालीं इंग्लंडनें आपली नाणेंपद्धति नव्यानें घडविली, आणि १८१७ पासून २० शिलिंगांचें, म्हणजे बरोबर एका पौंडाचें, सॉव्हरिन नांवाचें नाणें निघूं लागलें. हेंच आपल्याकडे आलें, आणि १८९९ पासून तर पंधरा रुपयांस एक या हिशेबानें कायदेशीर चलन म्हणून चालूं लागलें. नांव मात्र लोकांनीं जुनेंच ठेवलें. सॉव्हरिनचें वजन ७.९८८ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याच्या दोनतृतीयांशाहून किंचित् अधिक. सोनें २२ कॅरट. त्यांत शुद्ध सोनें ७.३२ ग्रॅम. वजनाचा हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें उपयोगीं पडणार आहे.

सराफकट्ट्यावर नाणें काट्यांत पडलें कीं त्याचा भाव ठरला. लंडनच्या लिलावांत काट्याचें काम फार थोडें. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजानें १२५७ सालीं सोन्याची पेनी पाडली. वजन तीन ग्रॅमांच्या जवळपास, सोनें बहुतेक शुद्ध. राजानें तिचा भाव चांदीच्या २० पेन्यांचा ठरविला. पण आंतील सोन्याचें मोल त्याहून अधिक, त्यामुळें जो तो ती वितळवूं लागला. सुमारे ५२,००० पेन्या पाडल्या गेल्या असाव्या असा जाणत्यांचा अंदाज आहे. आज हातावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. २०२१ सालीं डेव्हन परगण्यांतील हेमयॉक गांवच्या एका शेतांत, धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी गृहस्थास त्यांतील एक सांपडली. जानेवारी २०२२ मध्यें लंडनच्या स्पिंक या पेढीनें ती लिलावांत काढली. अंदाजी किंमत ४,००,००० पौंड होती. हातोडा ५,४०,००० पौंडांवर पडला. आणि घेणाऱ्यास प्रत्यक्ष मोजावे लागले ६,४८,००० पौंड. मधल्या १,०८,००० पौंडांची हकीकत पुढें येईलच. येथें सांगावयाचें तें हें, कीं त्या पेनींतील सोनें एखाद्या साध्या अंगठीइतकेंच असेल. बाकीची सारी किंमत साडेसातशें वर्षांपूर्वीं एका राजाचा हिशेब चुकला याची आहे.

परंतु जुनेपण म्हणजे दुर्मिळपण नव्हे. याच हेन्रीचा मुलगा पहिला एडवर्ड. त्यानें १२७९ पासून चांदीच्या पेन्या इतक्या पाडल्या, आणि जमिनींत पुरलेल्या भांड्यांतून त्या इतक्या निघत आल्या आहेत, कीं सातशें वर्षांचें तें नाणें साधारण स्थितींत शंभर पौंडांच्या पुष्कळ आंत मिळतें. उलट १९३३ सालची पेनी पाहा. धातु कांसें, वय शंभर वर्षांचेंहि नाहीं. त्या सालीं बाजारांत पेन्यांचा सुकाळ होता म्हणून टांकसाळीनें नव्या पाडल्याच नाहींत; परंतु इमारतींच्या कोनशिलेखालीं चालू सालचीं नाणीं ठेवण्याची तिकडे रीत आहे, तेवढ्यापुरत्या कांहीं थोड्या पाडल्या. सातांच्या आसपास असाव्यात असें धरतात. एक लंडन विद्यापीठाच्या कोनशिलेखालीं आहे. लीड्स शहरांतील एका चर्चच्या पायांत एक होती, ती १९७० सालीं चोरांनीं दगड उपटून नेली, ती अजून मिळालेली नाहीं. त्याच शहरांतील दुसऱ्या चर्चखालीं आणखी एक होती. तेथेंहि हाच प्रकार होईल या धास्तीनें बिशपांनीं ती बाहेर काढवून १९७२ सालीं लिलावांत विकून टाकविली. देवाच्या घरचा पाया नाण्यासाठीं खणला जावा, आणि दुसऱ्यांदा तो खुद्द धर्माधिकाऱ्यांनींच खणावा, हें वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें. मागून वाटलें, चर्चच्या भिंतीपेक्षां पायांतील एक पेनी अधिक महाग झाल्यावर बिचाऱ्या बिशपांनीं दुसरें काय करावें?

आठव्या एडवर्डाची गोष्ट आपल्याकडे ठाऊक आहे ती त्याच्या विवाहामुळें. नाणीं जमविणाऱ्यांस ती निराळ्या कारणानें प्रिय. दुसऱ्या चार्ल्सपासून रिवाज असा कीं, एका राजाचें तोंड नाण्यावर डावीकडे, तर पुढच्याचें उजवीकडे. वडिलांचें डावीकडे होतें, तेव्हां याचें उजवीकडे हवें. पण त्यास आपली डावी बाजूच अधिक देखणी वाटे, व त्यानें हट्ट धरला. ठसे तयार झाले, नमुने पडले, आणि नाणीं बाजारांत येण्यापूर्वींच डिसेंबर १९३६ मध्यें त्यानें गादी सोडली. त्या नमुन्यांतील १९३७ साल घातलेलें एक सॉव्हरिन जानेवारी २०२० मध्यें १०,००,००० पौंडांस गेलें. चांदीच्या नाण्यांविषयीं येथें एवढेंच सांगतों, कीं १९१९ पर्यंतच्या नाण्यांत शेंकडा ९२.५ चांदी आहे, १९२० पासून ५०, आणि १९४७ पासून मुळींच नाहीं. या सालांचा ज्यास विसर पडला, तो निकेलास चांदीचा भाव देऊन बसतो.

आतां स्थितीविषयीं, आणि येथें आम्ही जरा अधिक रेंगाळणार आहों, कारण आपल्या घरांतील नाण्यांचें खरें नुकसान येथेंच होतें. लंडनच्या याद्यांत नाण्याच्या स्थितीस ठरीव नांवें आहेत. 'फाइन' म्हटलें म्हणजे आपणांस उत्तम वाटतें. पण नाणेंवाल्यांच्या भाषेंत फाइन म्हणजे बरेंच झिजलेलें, राजाच्या केसांच्या बटा एकमेकींत मिसळून गेलेलें, मात्र अक्षरें धड वाचतां येणारें नाणें. त्यावर 'व्हेरी फाइन', त्यावर 'एक्स्ट्रीमली फाइन', आणि सर्वांवर टांकसाळींतून पडलें तसेंच राहिलेलें. एका पायरीनें किंमत दुप्पट तिप्पट होते. अमेरिकेंत शेल्डन नांवाच्या गृहस्थांनीं १९४९ सालीं सत्तर गुणांचें एक मोजमाप काढलें. त्यावरून आतां कंपन्या नाण्यास गुण देऊन तें पारदर्शक डबींत कायमचें बंद करून देतात. सोय आहे खरी, फसवणूकहि कमी होते. तथापि जें नाणें बोटांच्या टोकांत धरून कडेवरून फिरवून पाहतां येत नाहीं, तें आम्हांस विवाहमंडपांतील फोटोंतल्या वधूसारखें वाटतें. ज्याची त्याची आवड.

पण झीज एक वेळ पत्करते. झीज म्हणजे नाणें चाललें, हजार हातांतून गेलें. लंडनचा ग्राहक ज्यास भितो ती गोष्ट म्हणजे घांसणी. आमच्या लहानपणीं लक्ष्मीपूजनाच्या सकाळीं देवांबरोबर नाणीं ताम्हनांत पडत. चिंच, त्यावर चिमूटभर रांगोळी, आणि आजीचा अंगठा. राणीछाप रुपये असे चमकत कीं दिव्याची ज्योत त्यांत दिसावी. त्या चमकेला भिंगाखालीं पाहिलें म्हणजे काय दिसतें? एकाच दिशेनें गेलेल्या केसासारख्या हजारों रेघा, आणि मुखवट्याच्या उंच भागावरील बारीक काम सपाट झालेलें. चांदीवर शेंदोनशें वर्षांत जी निळसर करडी छाया येते ती ओळखणाऱ्यास नाण्याची कांति वाटते. ती एकदां गेली म्हणजे पुन्हां येण्यास तितकींच वर्षें लागावयाचीं. सोनें काळें पडत नाहीं, म्हणून तर तें घांसण्याचें कारणच नाहीं. पण मऊ असल्यामुळें रांगोळीचा ओरखडा त्यावर अधिक लौकर उठतो. ज्या हातांनीं हें केलें त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण 'स्वच्छ केलेलें' हा शब्द लंडनच्या यादींत आला कीं नाण्याची किंमत निम्म्यावर येऊं शकते. आणि गळ्यांत घालण्यासाठीं कडी झाळलेली असेल, अथवा भोंक पाडलेलें असेल, तर साधें नाणें संग्राहकाच्या बाजारांतून उठलेंच. तें पुन्हां सराफाच्या काट्यांत जाऊन बसतें.

संग्राहकांस आणखी एका गोष्टीचें वेड असतें, तें आपल्याकडील कुलवृत्तांत जमविणाऱ्या मंडळींस चटकन् समजेल. नाणें पूर्वीं कोणाकोणाच्या संग्रहांत होतें याची वंशावळ. मर्डॉक यांचा संग्रह १९०३-०४ सालीं विकला गेला, लॉकेट यांचा १९५५ ते १९६१ पर्यंत अनेक हप्त्यांनीं. आज यादींत एखाद्या नाण्याखालीं हीं नांवें आलीं कीं बोली वर चढते. नाण्याखालीं ठेवलेली मूळ मालकाच्या हातची गोल चिठ्ठीहि जपून ठेवतात, व ती नाण्याबरोबर विकली जाते. हें निव्वळ कुळाचा मोठेपणा म्हणून नव्हे. शंभर वर्षांपूर्वींच्या छापील यादींत ज्याचें चित्र आहे तें नाणें कालच्या भट्टींतलें नसणार, हा त्यांतील व्यवहार.

कारण खोटीं नाणीं पुष्कळ आहेत, आणि सगळींच हलक्या धातूचीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींतील मिलान शहरीं एका कारखानदारानें सॉव्हरिनें पाडण्यास आरंभ केला. त्यानें सोन्यांत काडीचीहि लबाडी केली नाहीं. वजन आणि कस अस्सल नाण्याच्या तोडीचा. त्यावेळीं लोक नोटांपेक्षां सॉव्हरिनवर भरंवसा ठेवीत, त्यामुळें त्यास आंतील सोन्यापेक्षां बराच अधिक भाव येई, आणि तो फरक हाच त्याचा नफा. पुढें तो स्वित्झर्लंडमध्यें पकडला गेला. परंतु सॉव्हरिन हें आतां चालतें नाणेंच राहिलें नाहीं, मग त्याची नक्कल करणें हा नाणें बनावट करण्याचा गुन्हा कसा, असा बचाव तेथील न्यायालयानें १९५२ सालीं मान्य केला. १९५७ पासून इंग्लंडनें सॉव्हरिनें पुन्हां नियमानें पाडण्यास सुरुवात केली, त्यास हेंहि एक कारण झालें. म्हणून केवळ कसोटीच्या दगडावर विसंबून सॉव्हरिन घेणाऱ्यास सोनें मिळेल, नाणें मिळेलच असें नाहीं. विशेषतः लंडनच्या टांकसाळीचें १९१७ सालचें सॉव्हरिन कोणी सहज पुढें केलें, तर हात आंखडता घ्यावा. त्या सालचीं खरीं फार थोडीं उरलीं, आणि खोटीं पुष्कळ झालीं.

असो. हें सर्व जाणून मनुष्य लिलावास बसतो. तेथील रीत आपल्याकडील 'एकवार, दोनवार, तीनवार' या पुकाऱ्यासारखी नाहीं. आठवडे आधीं यादी निघते. तींत प्रत्येक नाण्याचें वर्णन, चित्र आणि अंदाजी किंमत असते. लिलावापूर्वीं नाणीं हातांत घेऊन पाहण्याचे दिवस ठरलेले असतात. विकणाऱ्यानें बहुधा एक राखीव किंमत सांगितलेली असते; तिच्या खालीं बोली थांबली तर नाणें परत जातें. लिलावास प्रत्यक्ष जातां आलें नाहीं तरी अमुक रकमेपर्यंत आपल्यातर्फे बोली लावावी असें आधीं लिहून देतां येतें. दूरध्वनीवरून किंवा घरीं यंत्रासमोर बसूनहि बोली देतां येते. हातोडा पडला कीं वस्तु घेणाऱ्याची. मात्र हातोड्याचा आंकडा हा शेवटचा आंकडा नव्हे. त्यावर पेढी घेणाऱ्याकडून आपली अडत घेते. हेन्रीच्या पेनीवर ती शेंकडा २० होती, तेच ते १,०८,००० पौंड. कांहीं ठिकाणीं ती याहून अधिक असते. अडतीवर कर, पुढें टपाल, विमा, आणि माल आपल्या देशांत येतांना जकात. विकणाऱ्याकडूनहि पेढी निराळी अडत कापून घेते. म्हणजे एकाच हातोड्यानें दोघांचाहि खिसा किंचित् हलका होतो.

हें शहाणपण आम्हीं फुकट मिळविलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं तिसऱ्या जॉर्जच्या १८१९ सालच्या क्राउनवर आमचें मन बसलें. पांच शिलिंगांचें चांदीचें ऐसपैस नाणें, आणि पाठीवर पिस्त्रुची या इटालियन कारागिराचा घोड्यावर बसून सर्पासुरास मारणारा संत जॉर्ज; हेंच चित्र सॉव्हरिनवरहि आहे. १२० पौंडांपलीकडे जावयाचें नाहीं, असें आम्हीं कागदावर लिहून ठेवलें होतें. बोली चालू झाली, १२० आले आणि गेले. समोर कोणी एकच माणूस आहे, तो आतां थकेल, असें प्रत्येक वेळीं वाटे. तो १८० ला थकला. १९० ला हातोडा आमच्यावर पडला, आणि त्या क्षणीं झालेला आनंद आम्ही नाकारीत नाहीं. अडत शेंकडा २४ धरून ते २३५ पौंड ६० पेन्स झाले. टपाल, विमा, जकात मिळून आंकडा मूळ मर्यादेच्या दुपटीहून बराच पुढें गेला. पुडकें उघडलें तेव्हां नाणें चकचकीत होतें. नको इतकें चकचकीत. भिंग लावलें तों त्याच त्या एका दिशेच्या रेघा. यादी पुन्हां काढली. वर्णनाच्या शेवटीं बारीक अक्षरांत दोन शब्द होते, कीं पूर्वीं स्वच्छ केलेलें. पेढीचा दोष नव्हता. आम्हींच चित्र पाहिलें होतें, वाचलें नव्हतें. आमच्या आजीसारखीच कोणी इंग्रज आजी असावी, एवढेंच समाधान.

तेव्हांपासून आमचा क्रम असा. यादीचें वर्णन शेवटून वाचावयाचें. १९२९ सालीं सीबी यांनीं सुरू केलेली, आणि आतां स्पिंक पेढी दरवर्षीं काढते ती किंमतींची मोठी यादी जवळ ठेवावयाची, पण तींतील भाव हे दुकानदार मागेल ते आहेत, विकणाऱ्याच्या हातीं पडतील ते नव्हेत, हें विसरावयाचें नाहीं. त्याहून गेल्या दोनचार वर्षांत तशींच नाणीं प्रत्यक्ष कितीस गेलीं तें पाहणें बरें. आणि मर्यादेचा कागद स्वतःजवळ न ठेवतां सौभाग्यवतींच्या हातीं द्यावयाचा. या शेवटच्या उपायानें आमचे जितके पैसे वांचले तितके कोणत्याहि पुस्तकानें वांचविले नाहींत. नवशिक्यास आमची शिफारस १७९७ सालच्या तांब्याच्या पेनीची आहे. बर्मिंगहॅमच्या बोल्टन यांनीं वाफेच्या यंत्रावर पाडलेली, एक औंस वजनाची, जाड कांठाची. लोक तिला गाडीचें चाक म्हणत. झिजलेली स्वस्त मिळते, आणि हातांत धरली म्हणजे यंत्रयुगाच्या आरंभाचें वजन तळहातावर कळतें.

ज्यांस नाणें म्हणजे पैसा एवढेंच वाटतें त्यांच्यासाठीं आणखी एक. टॉमस सायमन हा इंग्लंडचा उत्तम ठसेकार. पण त्यानें क्रॉमवेलचीं नाणीं घडविलेलीं, त्यामुळें राजा परत आल्यावर काम अँटवर्पहून आलेल्या रोटिये बंधूंकडे गेलें. सायमननें १६६३ सालीं एक क्राउन घडविला, आणि त्याच्या कडेवर, म्हणजे जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीवर, दोन ओळींत राजाकडे अर्जच कोरला, कीं माझें हें काम त्यांच्या कामाशीं ताडून पाहावें, आणि अधिक चांगलें असेल तर माझ्याकडे लक्ष द्यावें. राजानें लक्ष दिलें नाहीं. सायमन १६६५ सालीं वारला. त्या अर्जाच्या क्राउनच्या थोड्याच प्रती उरल्या आहेत, आणि एखादी लिलावास आली कीं लाखांच्या पौंडांत जाते. रोटियेंचे क्राउन आजहि पुष्कळांस परवडतात.

आतां नाशिकच्या बाईंचीं नाणीं. पहिली गोष्ट, तीं लंडनला धाडतां येणारच नाहींत. शंभर वर्षांवरील नाणें आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, आणि पुरावस्तु देशाबाहेर नेण्याचा अधिकार सरकारास व सरकारनें नेमलेल्या संस्थेसच आहे. पुतण्याच्या खिशांत घालून दिलें तर त्या बिचाऱ्यावर विमानतळावरच प्रसंग यावयाचा. लिलाव करावयाचा तर आपल्याच देशांत.

राजाची गिन्नी पांचव्या जॉर्जची, साल १९१८. ठशांत सालाच्या वर, घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर, बारीक 'आय' अक्षर स्पष्ट उठलें आहे. म्हणजे हें नाणें लंडनचें नसून मुंबईचें. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत मुंबईच्या टांकसाळींत सॉव्हरिनें पाडण्याची व्यवस्था झाली होती, आणि १९१८ हें एकच साल घातलेलीं सुमारे १३ लाख नाणीं तेथें पडलीं. नाणें खरें दिसतें, आणि आपल्याकडचें म्हणून आम्हांस त्याचें कौतुकहि वाटतें. पण तें दुर्मिळ नाहीं, आणि वरच्या कडेस झाळलेल्या कडीची खूण ठशांतहि दिसते. त्याची किंमत सोन्याची.

राणीच्या गिन्नीवर साल १८३७ आहे. व्हिक्टोरिया राणी त्याच सालीं जूनमध्यें गादीवर आली, परंतु तिच्या सॉव्हरिनवर पहिलें साल आहे १८३८. शिवाय १८७१ पर्यंत तिच्या लंडनच्या सॉव्हरिनवर मागें ढाल असे, घोडेस्वार नसे. या ठशांत घोडेस्वार आहे, आणि त्याच्या वर अक्षरें आहेत 'टू हॅनोव्हर'. जर्मनींतील हॅनोव्हरचें राज्य तोंपर्यंत इंग्लंडच्या राजाकडे असे. पण तेथें पुरुष वारस असतां स्त्रीस गादी मिळत नसे, म्हणून राणीऐवजीं तें तिच्या काकांकडे, कंबरलंडच्या ड्यूककडे गेलें. हे ड्यूक इंग्लंडांत अत्यंत नावडते. ते एकदांचे हॅनोव्हरला चालते झाले म्हणून थट्टेनें पितळी चकत्या निघाल्या, आणि पत्त्यांच्या डावांत पैशांच्या ऐवजीं लोक त्या वापरूं लागले. सॉव्हरिनएवढा आकार, सोनेरी झांक, पुढें राणी, मागें घोडा. इंग्लंडांतहि त्यांनीं पुष्कळांस चकविलें आहे.

हें छापण्यापूर्वीं आम्हीं बाईंस पत्रानें कळविलें, आणि दोन्हीं नाणीं न घांसतां ओळखीच्या सराफाकडून तोलून घ्यावीं असें सुचविलें. त्यांचें उत्तर परवां आलें. राजाची गिन्नी कडीसकट ८ ग्रॅमांहून थोडी अधिक भरली. राणीची ४ ग्रॅमहि भरली नाहीं, आणि सराफानें ती काट्यावरून उचलून न बोलतां परत दिली. मुलींस त्यांनीं अजून कांहीं सांगितलेलें नाहीं. यंदाच्या लक्ष्मीपूजनास दोन्हीं नाणीं नेहमींच्या जागीं बसतील, चिंच मात्र लागणार नाहीं, असें त्या लिहितात. वांटणीचें मग पाहतां येईल. त्यांनीं अनुमति दिली म्हणून ही हकीकत येथें दिली आहे. शिसपेनचे ठसे आम्हीं त्यांच्याकडे परत पाठविले आहेत.